आधी नोंद, मग फलक

कॉलेजचा इतिहास जपणे आणि कॉलेजची दिवंगत माणसे लक्षात ठेवणे ही सहसा दोन वेगळी कामे मानली जातात. जुनी दप्तरे ग्रंथालयाकडे, शोकसभा प्राचार्यांच्या कार्यालयाकडे आणि माजी विद्यार्थ्यांची यादी तिसऱ्याच कपाटात. मग फलकावर आडनाव चुकते, वारलेल्या माणसाच्या नावाने देणगीचे आवाहन घरी पोहोचते आणि पन्नास वर्षांनी ‘हे कोण होते?’ असे विचारत आलेल्या नातीला दाखवायला एक कागद निघत नाही. ही दोन्ही कामे एकाच दप्तरातून चालायला हवीत, असे आमचे ठाम मत आहे. लिबरल आर्ट्स कॉलेजला, म्हणजे कला आणि विज्ञान यांचे व्यापक पदवीशिक्षण देणाऱ्या छोट्या कॉलेजला, ते जमण्यासारखेही असते. विद्यार्थीसंख्या मोजकी, वसतिगृह आवारातच, शिक्षक मुलांना नावाने ओळखणारे. एक पूर्णवेळ अभिलेखपाल (जुनी दप्तरे सांभाळणारा), एक अर्धवेळ मदतनीस आणि दोन-तीन विद्यार्थी एवढ्या बळावर पुढची पद्धत चालते.

कशालाही हात लावण्याआधी

पहिले काम पाहणीचे. वही, टेप आणि कॅमेरा घेऊन खोली-खोली फिरा. प्रत्येक कपाटाचा आहे तसा फोटो काढा आणि चारच गोष्टी लिहा: हे कागद कोणी तयार केले, कोणत्या वर्षांचे, फळीवर किती मीटर जागा व्यापतात आणि अवस्था कशी आहे. दप्तर नेहमीच्या जागी कधीच पूर्ण सापडत नाही. हिशेबनिसांची अडगळ, जिमखान्याचे कपाट, नाट्यमंडळाची ट्रंक, वसतिगृह अधीक्षकांचा खण, निवृत्त प्राध्यापकांच्या घरचा माळा, सगळीकडे विचारा.

या टप्प्यावर सर्वांत महागात पडणारी चूक उत्साहातून होते. कोणीतरी सगळे कागद विषयवार लावायला घेतो. प्राचार्यांच्या फायलीतून नाटकाची पत्रे काढतो, वादविवाद मंडळाच्या फायलीतून आणखी काढतो आणि ‘नाटक’ असा नवा गठ्ठा करतो. ते पत्र कशाला उत्तर म्हणून लिहिले होते आणि त्यावर पुढे काय ठरले, हा धागा तिथेच तुटतो. ज्याचे दप्तर त्याच्याच नावाखाली आणि मूळ क्रमातच राहावे, हे तत्त्व मुलर, फाइथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी 1898 च्या मार्गदर्शिकेत पक्के मांडले. आजही त्याला पर्याय नाही. विषयवार शोध हवा तर तो सूचीत करा, कागद हलवू नका.

काय कायम ठेवायचे, ते लेखी ठरवा: प्रवेश नोंदवह्या, नियामक मंडळाची इतिवृत्ते, निकालपत्रके, वार्षिक अहवाल, वार्षिकांक, इमारतींचे नकाशे, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकांची एकेक प्रत, विद्यार्थी मंडळांची इतिवृत्ते, भित्तिपत्रके. उरलेल्याला मुदत लावा. मुदत संपल्यावर जे नष्ट केले त्याची यादी मात्र कायम ठेवा. नाहीतर पुढचा माणूस नसलेला कागद वर्षभर शोधत बसेल.

आजच्या विद्यार्थ्यांचे दप्तर मोबाइलमध्ये आणि ऑनलाइन खात्यांत असते. पदवी मिळाली, खाते बंद झाले की मंडळाची तीन वर्षांची इतिवृत्ते त्याबरोबर जातात. म्हणून मंडळाचा कार्यभार सोडतानाच, खाते चालू असताना, फाइली उतरवून घ्यायचा नियम हवा. संकेतस्थळ नव्याने बांधायला घेतले की जुने पाडण्याआधी वार्क (WARC, दुव्यांसकट संकेतस्थळ साठवणारे) स्वरूपात जतन करा. पानांचे नुसते स्क्रीनशॉट घेतले तर दुवे मरतात.

कागद, फोटो, फीत

दप्तराची खोली तळघरात किंवा छपराखाली नको, आणि तिच्या छतातून पाण्याचा नळ जाता कामा नये. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान 15 सेंटिमीटर वर असावी. तापमान 18 ते 20 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 35 ते 50 टक्के धरून चाला. आकड्याइतकेच महत्त्व तो स्थिर राहण्याला आहे. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद ही सर्वांत वाईट व्यवस्था. कागद रोज फुगतो आणि आकसतो, बांधणी सैल होते. चोवीस तास यंत्र चालवणे परवडत नसेल तर ते बंदच ठेवा आणि हवा खेळती राहील असे पाहा. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी येणारच.

टाचण्या, क्लिपा आणि रबरबँड काढा. गंजलेली टाचणी ओढू नका. कागद सपाट ठेवून तिच्या खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि टोके उलगडा. चिकटपट्टी सोलून काढायचा मोह टाळा, ती अक्षरांसकट येते. लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत उलटवता येत नाही. जुन्या वह्यांत मायफळ आणि हिराकस यांची काळी शाई असेल तर अक्षरांभोवती तपकिरी कडा दिसतील आणि जाड फटकाऱ्यांपाशी कागद तडकलेला असेल. असे पान खाली पुठ्ठ्याचा आधार देऊनच उलटायचे आणि ओलाव्यापासून दूर ठेवायचे. दप्तरात लिहायला फक्त पेन्सिल.

खोके आणि फोल्डर आम्लमुक्त असावेत. सामान्य कागदांसाठी कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला, किंचित अल्कधर्मी कागद चांगला. इथे एक खाच आहे. इमारतीचे जुने निळे नकाशे, म्हणजे सायनोटाइप, अल्कधर्मी वेष्टनात फिके पडतात. त्यांना उदासीन कागदच हवा, रंगीत फोटोंनाही तोच द्या. फोटोंच्या पिशव्या पॉलिएस्टरच्या घ्या. पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांनी चिकट होतात. फोटोतील माणसांची नावे पिशवीवर लिहा, आणि तीही फोटो आत सरकवण्याआधी. मागे बॉलपेनने लिहिले तर पुढून चेहऱ्यावर रेघ उमटते. खोके फार ठासू नका आणि फार मोकळेही ठेवू नका. मोकळ्या खोक्यात कागद वाकून बसतात आणि तसेच राहतात.

फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर अॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे. तो डबा लगेच वेगळा करा, कारण त्या वाफा शेजारच्या रिळांनाही बाधतात. 1950 च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती झपाट्याने पेट घेते, म्हणून तज्ज्ञाला दाखवेपर्यंत इमारतीत कुठेही दाबून ठेवू नका. डिजिटायझेशनमध्ये पहिला नंबर चुंबकीय फितींचा लावा. वही आणखी शंभर वर्षे थांबेल, कॅसेट थांबणार नाही.

स्कॅनिंग छापील आणि हस्तलिखित पानांसाठी 400 पीपीआय (दर इंचाला बिंदू), फोटोंसाठी 600, मूळ प्रत टिफ स्वरूपात, कॉम्प्रेस न केलेली. ए-4 आकाराचे एक रंगीत पान 400 पीपीआयला सुमारे 46 एमबी होते, म्हणजे हजार पानांना 46 जीबी. जागेचा हिशेब आधी मांडला नाही तर अर्ध्या वाटेवर कोणीतरी ‘जेपेग चालेल’ म्हणतो आणि नोंदवही दोन दर्जांत अडकते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली तर बदलणारा ओळख-आकडा) नोंदवा आणि वर्षातून एकदा पडताळा. जाड बांधणीची वही पालथी दाबून स्कॅन करू नका, कणा मोडतो. उशीवर अर्धवट उघडून वरून कॅमेऱ्याने टिपा.

मौखिक इतिहासाबद्दल, म्हणजे आठवणींच्या ध्वनिमुद्रणाबद्दल, थोडक्यात: वॅव्ह स्वरूप, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, एका बैठकीला दीड तासाच्या वर जायचे नाही, आणि संमतीपत्रावर सही त्याच दिवशी. बोलण्यात आलेल्या प्रत्येक नावाचे अक्षरलेखन शेवटी विचारून घ्या. बोलणाऱ्याच्या नंतर ते सांगणारे कोणी उरत नाही.

शेऱ्याचा रकाना

शिकत असताना वारलेले विद्यार्थी हा बहुतेक कॉलेजांच्या स्मृतीतला सर्वांत मोठा खड्डा. ते माजी विद्यार्थी झालेच नाहीत, त्यामुळे कोणत्याच यादीत नाहीत. त्यांना शोधायची जागा म्हणजे प्रवेश नोंदवहीतला शेवटचा अरुंद रकाना: शेरा. तिथे लाल शाईत दोनच शब्द असतात, ‘नाव कमी’, आणि पुढे तारीख. कारण नाही. कोणी फी न भरल्याने गेले, कोणी दुसऱ्या कॉलेजात गेले, कोणी गेलेच.

हे वेगळे करायचा क्रम असा. आधी फी-वहीत शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात भरला ते पाहा. मग वसतिगृहाची नोंदवही. मग त्या तारखेनंतरच्या नियामक मंडळाच्या आणि विद्यार्थी मंडळाच्या इतिवृत्तांत दुखवट्याचा ठराव आहे का ते पाहा. मग त्या वर्षाच्या वार्षिकांकातले काळ्या चौकटीचे पान. यांतले काहीच नसेल तर हिशेबाच्या पावत्या काढा. अनामत रक्कम परत केल्याच्या पावतीवर विद्यार्थ्याच्या जागी वडिलांची किंवा आईची सही दिसली तर बहुधा उत्तर मिळाले. तरीही तो पुरावा झाला असे धरू नका. तो फक्त पुढच्या शोधाची दिशा दाखवतो.

प्रत्येक व्यक्तीला कायम क्रमांक द्या: प्रवेशाचे वर्ष आणि नोंदवहीतला अनुक्रम. नावे बदलतात, क्रमांक बदलत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेली, स्वतःचे नाव नव्याने घेतलेली, एकाच वर्षात एकाच नावाची दोन माणसे, हे सगळे घोळ या क्रमांकाने सुटतात. नोंदपत्रात नावाचे तीन वेगळे रकाने ठेवा: प्रवेशाच्या वेळचे नाव, निधनाच्या वेळचे नाव आणि कुटुंबाला कोरलेले किंवा वाचलेले हवे ते नाव. चौथा रकाना उच्चाराचा. त्यापुढे वर्षे, विषय, निधनाची तारीख, पुरावा, नोंद करणारा आणि नोंदीचा दिवस.

तारखेबाबत एक इशारा. नुसते वर्ष माहीत असताना संगणक पूर्ण तारीख मागतो, आणि टंकणारा 1 जानेवारी टाकून पुढे जातो. दहा वर्षांनी तीच तारीख स्मरणिकेत छापून येते. तारीख ‘नक्की’, ‘फक्त वर्ष’ की ‘सुमारे’ हे सांगणारा वेगळा रकाना ठेवल्याशिवाय काम सुरू करू नका.

पुराव्याच्या तीन पायऱ्या पुरतात. ‘अ’: मृत्यूचा दाखला किंवा जवळच्या नातेवाइकाचे सही असलेले पत्र. ‘ब’: छापील मृत्युलेख, ज्यात कॉलेज, वर्ष किंवा विषय यांवरून ओळख पटते. ‘क’: वर्गमित्राने सांगितले, गटावर संदेश आला. ‘अ’ एकटा पुरतो, ‘ब’ला दुसरा स्वतंत्र आधार लागतो, आणि ‘क’ कितीही ठिकाणांहून आला तरी नोंद ‘तपास चालू’ या खणात राहते. एकमेकांवरून उतरवलेल्या दोन बातम्या म्हणजे एकच बातमी. जिवंत माणसाला मृत नोंदवण्याइतकी दुखावणारी चूक या कामात दुसरी नाही, म्हणून ‘दिवंगत’ ही खूण नेहमी दोघांनी तपासून लावावी.

ती एकदा लागली की मात्र उशीर नको. देणगी विभाग, वार्षिकांकाची टपालयादी, संमेलनाची आमंत्रणे, ग्रंथालय, सगळ्या याद्यांत त्याच दिवशी पोहोचायला हवी. याद्या वेगवेगळ्या असतील तर त्यांची नावे एका कागदावर लिहून प्रत्येकीपुढे टिकमार्क करा.

गोपनीयतेचा प्रश्न दरवेळी निघतो. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेतील 1974 च्या फर्पा (शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या) कायद्याने कॉलेज विद्यार्थ्याला दिलेले हक्क त्याच्या मृत्यूबरोबर संपतात. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मृतांच्या माहितीला लागू होत नाही, मात्र सदस्य देश स्वतःचे नियम करू शकतात. कायद्याने मुभा दिली तरी आजार, शिस्तभंग आणि गुण यांचे कागद काही दशके बंद ठेवावेत. मृताला त्रास होत नसला तरी त्याच्या भावंडांना होतो.

विद्यार्थ्याचे निधन झाले तर

ही कार्यपद्धती शांत काळात लिहून ठेवायची असते. आधी कुटुंब, मग खोलीतले सोबती आणि जवळचे मित्र समक्ष, मग सर्वांना संदेश. ज्याच्याशी सकाळी नाश्त्याला बोललो त्याची बातमी ईमेलने कळू नये. त्याच दिवशी हजेरीपटातून नाव बाजूला काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तासाला कोणीतरी ते पुकारेल. ग्रंथालयाच्या विलंबाच्या सूचना आणि फीची स्मरणपत्रे थांबवा. खोलीतल्या वस्तूंची यादी दोघांनी मिळून करावी. कपडे धुऊ नयेत. अनेक आईवडिलांना ते तसेच हवे असतात.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर पद्धत आणि जागा कोणत्याही लिखाणात नको, आणि त्या जागी स्मारकही नको. त्यातून दुसऱ्या कोणाला तोच मार्ग दिसण्याचा धोका खरा असतो. पण शोकसभा, मौन, वार्षिकांकातली नोंद हे सर्व इतर कोणत्याही मृत्यूसारखेच व्हावे. मरणाच्या कारणावरून मान कमी-जास्त करणे कुटुंबाला आयुष्यभर सलते.

फुले, चिठ्ठ्या आणि मेणबत्त्या कुठेतरी साठतातच. पहिल्याच दिवशी तिथे पाटी लावा की हे अमुक तारखेपर्यंत राहील, नंतर जपले जाईल. दहा-बारा दिवस ठीक. उचलण्याआधी जागेवरच सगळ्या बाजूंनी फोटो काढा. सडणारे सगळे रोज काढा. कागद गोळा करून सपाट वाळवा. दमट कागद खोक्यात गेला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. बंद पाकिटे न उघडता कुटुंबाकडे द्या. चिठ्ठ्यांची प्रत दप्तरात ठेवायची ती कुटुंबाला विचारूनच.

कोणाची नावे

हा नियम नावे समोर येण्याआधी लिहा, नंतर लिहिलेला नियम माणसे पाहून वळतो. पदवी न घेता गेलेले धरायचे का? स्वयंपाकघरातले, माळी, पहारेकरी, प्रयोगशाळेतले मदतनीस? आमच्या मते धरायचे. त्यांची नोंद पगारपत्रकात असते, तिथून नावे काढता येतात.

हार्वर्डच्या मेमोरियल हॉलमध्ये अमेरिकी यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने मेलेल्या 136 जणांची नावे संगमरवरी पाट्यांवर आहेत. विरुद्ध बाजूने लढून मेलेले माजी विद्यार्थी त्यात नाहीत. उलट ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजने पहिल्या महायुद्धात शत्रुपक्षाकडून मेलेल्या आपल्याच तीन जर्मन विद्यार्थ्यांसाठी चॅपलमध्ये वेगळा फलक लावला. दोन्ही निर्णयांमागे नियम आहे. अडचण तिथे येते जिथे नियमच नसतो आणि ज्याचे नातेवाईक जास्त बोलतात त्याचे नाव लागते.

ज्यांची आठवण ठेवायचे कोणाच्या मनातही नव्हते, त्यांच्यासाठी दप्तरच आधार होते. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठ चालवणाऱ्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने 1838 मध्ये 272 गुलाम माणसे विकली. त्या विक्रीचे कागद टिकले, म्हणून नावे कळली आणि वंशज सापडले. त्या कागदात पहिले नाव आयझॅक हॉकिन्स यांचे. 2017 मध्ये विद्यापीठाच्या एका इमारतीला ते नाव देण्यात आले. विक्रीच्या पावत्या ‘निरुपयोगी हिशेब’ म्हणून रद्दीत गेल्या असत्या तर हे शक्य नव्हते.

दगड आणि धातू

संगमरवर उघड्यावर नको, आम्लयुक्त पावसाने अक्षरांच्या कडा विरघळतात. बाहेर ग्रॅनाइट किंवा ब्राँझ, आत स्लेटही चालते. पितळ रोज घासले जाते आणि घासण्यानेच अक्षरे झिजतात. खिळे आणि पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, लोखंड गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. दोन मीटरवरून वाचायचे असेल तर अक्षरांची उंची 15 ते 20 मिलिमीटर ठेवा. देवनागरीत कोरताना रफार, अनुस्वार आणि उकारांसाठी ओळींत जास्त अंतर सोडा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकारात घुसते.

क्रम आधीच ठरवा. अकारविल्हे यादी शोधायला सोपी, पण उशिरा सापडलेले नाव घालायला जागा राहत नाही. निधनाच्या वर्षानुसार क्रम लावला तर शेवटी जागा सोडता येते आणि एका वर्षी गेलेले मित्र शेजारी येतात. वास्तुरचनाकार माया लिन अमेरिकेतील येल विद्यापीठात शिकत असताना वूल्सी हॉलच्या दालनात युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे कोरली जात होती, आणि ती तिने पाहिली होती. वॉशिंग्टनमधल्या 1982 च्या व्हिएतनाम स्मारकावर तिने नावे काळाच्या क्रमाने लावली. तिनेच 1993 मध्ये येलसाठी केलेल्या ‘विमेन्स टेबल’ या दगडी शिल्पावर दरवर्षीच्या विद्यार्थिनींची संख्या सर्पिलात कोरली आहे, आणि आरंभी शून्यांची लांब रांग आहे. नाव एकही नाही, पण त्या रांगेमागे प्रवेशाच्या नोंदींचे आकडे आहेत.

मुद्रितशोधन असे करा: एकाने मूळ नोंदपत्रावरून अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने कारागिराच्या नमुन्यावर बोट ठेवायचे. टंकलेल्या यादीवरून वाचले तर यादीतली चूकच पक्की होते. मग पूर्ण आकाराची कागदी प्रत आठवडाभर भिंतीवर लावा. सर्वाधिक चुका तेव्हाच सापडतात, कारण येणारे-जाणारे वाचतात. कुटुंबाची सही घ्या आणि मगच छिन्नी.

सफाई स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने, तारेचा ब्रश, आम्ल, ब्लीच आणि उच्चदाबाचे पाणी वर्ज्य. स्मरणार्थ बाक, झाड किंवा पारितोषिक स्वीकारताना करारात मुदत लिहा. झाड वाळले, लाकूड कुजले, निधीचे व्याज आटले तर पुढे काय, हे देणारे हयात असतानाच ठरते. नावाची पाटी झाडाला खिळू नका, जमिनीत वेगळी बसवा.

वर्षातून एक दिवस

नावे वाचायला प्रत्येकी चार-पाच सेकंद धरा. 150 नावे म्हणजे सुमारे अकरा मिनिटे. 200 च्या पुढे गेलात तर त्या वर्षीचीच वाचा आणि बाकीची छापून मांडा, घाईने वाचलेले नाव कानावरून जाते. वाचणाऱ्याने उच्चाराच्या रकान्यावरून आदल्या दिवशी सराव करावा, शक्य तिथे घरच्यांना फोन करून. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात दर 21 एप्रिलला दिवंगतांची हजेरी घेतात आणि प्रत्येक नावाला उपस्थितांपैकी कोणीतरी ‘हजर’ म्हणून उत्तर देते. ही रीत उचलायची असेल तर कोणत्या नावाला कोण उत्तर देणार हे आधी ठरवा, आणि ज्याचे कोणीच आलेले नाही त्याच्यासाठी एक विद्यार्थी नेमा.

त्या दिवशीच कोणीतरी येऊन सांगतो की अमुक राहिला, तमुकचे वर्ष चुकले. दाराशी कोरी नोंदपत्रे आणि पेन्सिली ठेवा, सांगणाऱ्याचे नाव आणि संपर्क लिहून घ्या, आणि ती पत्रे त्याच आठवड्यात ‘तपास चालू’ या खणात क्रमांक देऊन टाका.